कुंचीचं कापड

“मामी, परत आत जा आणि परत बाहेर या. आणि जरा हसा, मघाशी तुमचं तोंड आंबट आलंय.”

मी ज्या दारात उभी होते ते दार ना माझं, ना आमच्या जावयांचं. कुणा परक्या बाईचं. दार तरी कसलं, आडव्या गोल लाकडांची जाळी, बाजूला सरकणारी. वारा आत यावा आणि माणूस बाहेर राहावं, अशी सोय. आत ती बाई बुटक्या स्टुलावर बसून पालेभाजी निवडत होती. तिच्या उंबऱ्यापाशी, अगदी जमिनीलगत, लाल रंगाच्या कोनाड्यात देव बसवलेला. पुढं उदबत्ती, दोन संत्री. आणि हे मला सांगतात, तो देव ओलांडून आत जा.

“लोकांच्या चुलीपर्यंत शिरायला मी काय मांजर आहे?” मी म्हटलं.

“अहो, इथं चालतं. सगळे पर्यटक करतात.”

“करत असतील. त्यांना कुणी शिकवलं नसेल.”

“व्वा! हे परत म्हणा मामी. फोन हलला माझा.”

आमचे जावई हर्षदराव असे. चार माणसांसारखं बरोबरीनं चालायचं सोडून पुढं जायचं, वळायचं आणि उलटं चालत राहायचं. तोंड आपल्याकडं, पण तोंडाच्या जागी फोन. आपण पाणी प्यालो तर ‘परत प्या’. ठेच लागली तर ‘परत लागू दे’. मग ते सगळं कुठं तरी चढवायचं आणि लोकांनी बघायचं, की कऱ्हाडची मामी चीनमध्ये काय करते. लोकांना आवडतं म्हणे माझं बोलणं. घरात बोलले तर सुना म्हणतात आई फार बोलतात, आणि परक्यांना आवडतं!

याला आता बरीच वर्षं झाली. आजही हर्षदराव माझ्यासमोर आले की आधी फोन खिशात जातो आणि मग हात पायाशी येतात. का, ते सांगते.

मी तिथं फिरायला गेले नव्हते. लेकीला आणायला गेले होते. माझी धाकटी, वैजयंता, तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. मालक गेल्यावर वीटभट्टी मी चालवली, पोरांची लग्नं मी केली, मोठ्या दोघींची बाळंतपणं मी माझ्या हातानं काढली. धाकटीचं कोण काढणार? पण हर्षदराव म्हणाले, इथं ग्वांगझूत दवाखाना चांगला, डॉक्टर चांगले, वैजूची नोकरी इथं, कशाला न्यायची. वैजूचंही मन तिकडंच होतं, तोंडानं मात्र म्हणायची, “आई, तू म्हणशील तसं.” मग मी म्हटलं, मी येते, बघते आणि ठरवते. परक्या मुलखात, जिथं कुणी आपल्याला ‘काय गं, कशी आहेस’ विचारत नाही, तिथं पोर टाकायची की नाही, ते डोळ्यांनी बघून ठरवते.

आल्यापासून काचेच्या इमारती बघून माझा निकाल झालाच होता. नेणार. लिफ्टमध्ये माणूस माणसाकडं बघत नाही, भिंतीकडं बघतं. मग हर्षदरावांनी डोकं लढवलं. म्हणाले, “मामी, एक दिवस जुन्या गावात चला. शीग्वान म्हणतात त्याला. ते बघा आणि मग बोला. संध्याकाळी तुम्ही म्हणाल ते.”

आणि खरं सांगते, ते जुनं गाव मला आवडलं. शंभर तक्रारी घेऊन गेले होते, एकेक गळत गेली. गल्लीत दगडी फरशा, पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. भिंती राखाडी विटेच्या, आणि वीट अशी बसवलेली की दोन विटांमध्ये नख शिरायचं नाही. मी हात फिरवून बघितला. आमच्या भट्टीची वीट लाल, पण असलं बांधकाम दिसलं की हात आपोआप जातो. वर बांबूवर धुणं वाळत घातलेलं, लंगोटापासून चादरीपर्यंत. कुणाच्या घरात तान्हं आहे ते खालून कळत होतं. दारादारात म्हाताऱ्या बसलेल्या. कुठं टेबलावर ठोकळे आपटत चौघीजणी खेळत होत्या आणि एकमेकींवर अशा ओरडत होत्या की मला आमच्या आळीत आल्यासारखं वाटलं. एकीनं वैजूच्या पोटाकडं बघितलं, उठली, स्वतःचं स्टूल वैजूच्या मागं सरकवलं आणि काही न बोलता परत खेळायला लागली.

वैजू माझ्याकडं बघून हसली. “बघितलंस ना?”

“बघितलं,” मी म्हटलं. “एक स्टूल बघितलं.”

पण मनात मी हलले होते. ते तिला कळलं, आईचं तोंड लेकीला वाचता येतं.

पुढं ओवरीसारख्या छपराखाली ओळीनं दुकानं. तिथं एका दुकानात वैजूला बसवलं, तिचे पाय सुजले होते. तिथं आल्याच्या रसात दूध ओतून वाटीतच विरजतात. घास तोंडात घातला आणि मी म्हटलं, अगं हा तर खरवस! आलं घातलेला. वैजूनं दुसरी वाटी मागवली. मी म्हटलं, “खा निवांत. मी कापड बघून येते.”

कापड म्हणजे कुंचीचं. आमच्यात बाळाला बारशाला कुंची आजी शिवते. आईची आई. डोक्यापासून पाठीवर उतरणारं टोपडं, रेशमाचं, काठाला जर. मोठ्या दोघींच्या पोरांना मीच शिवल्या. या खेपेला वाटलं होतं, रेशमाच्या मुलखात आलेय तर कापड इथलंच नेऊ. नातवंड इथं जन्मलं काय नि तिथं, अंगावर दोन्ही गावं राहतील. (पुढं ती कुंची माझ्याच शालूच्या पदराची झाली, ते असो.)

“चला, मी दाखवतो,” हर्षदराव म्हणाले. “मला भाषा येते.” भाषा त्यांना खरंच येते, ते मी नाकारत नाही. फळवाल्याशी, रिक्षावाल्याशी मारे चुरूचुरू बोलायचे.

एका आडगल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. मी लांबूनच बघितलं आणि थांबले. आत भिंतीभर रेशीम. जांभळं, निळं, मधासारखं पिवळं आणि एक झगा असा, पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग, त्यावर सोनेरी कमळं. दारात उदबत्त्यांचे गठ्ठे. म्हटलं, देवाधर्माचं दुकान आहे, माल खोटा नसणार.

“हे बघू का?” मी विचारलं.

हर्षदरावांनी वर पाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांचे ओठ असे दाबले गेले, जसं पोरगं खाऊ लपवून उभं असतं. मला वाटलं, सासू खूश झाली म्हणून खूश आहेत.

“बघा की मामी! बिनधास्त बघा,” म्हणाले आणि फोन वर केला.

दुकानातली बाई माझ्याच वयाची. केस कापलेले, चष्म्याला दोरी, हातात सुईदोरा. मी तिला हात जोडले, तिनं मान लववली. मी तो जांभळा झगा उतरवायला लावला. हातात घेतला आणि जीव हरखला. झगा मोठ्या माणसाचा, पण कापड असं की उसवून दोन कुंच्या झाल्या असत्या आणि वर टोपडं. आणि त्याला गुंडी नाही! एकसुद्धा नाही. सगळे बंद, कापडाचेच, नाजूक शिवलेले. आमच्याकडं तान्ह्याच्या झबल्याला असतात ना, अगदी तसे. तान्ह्याला गुंडी टोचते म्हणून आपण बंद लावतो. शेजारी जोडे ठेवलेले, भरतकामाचे, तळवा कापडाचा, लोण्यासारखा मऊ. त्यांनी कुणी कधी चालणार नाही इतका मऊ. म्हटलं, काय शहाणी माणसं आहेत! तान्ह्याचं अंग यांना कळतं.

हे मी मोठ्यानं बोलले. हर्षदराव फोनमागून म्हणाले, “परत म्हणा मामी. ‘तान्ह्याचं अंग कळतं’ ते परत.”

आणि मी, माझा आनंद इतका, की मी परत म्हटलं.

त्या बाईनं काही तरी विचारलं. मी समजले, कुणासाठी म्हणून विचारतेय. मी झगा छातीशी धरला, दोन्ही हातांचा पाळणा केला आणि झुलवला. पोटावर हात गोल फिरवून दाखवला. म्हटलं, नातवंड, बाई, नातवंड येतंय.

तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं माझ्या हातातला झगा धरला आणि ओढला. मी सोडेना. ती हात हलवायला लागली, नाही, नाही. डोळे मोठे, आवाज चढलेला.

“काय झालं हिला?” मी विचारलं. “विकायला बसलीय की राखायला?”

“काही नाही मामी, इथल्या बायकांची पद्धत असते. आधी नाही म्हणायचं. थांबा, मी सांगतो.”

ते तिच्याशी बोलले. माझ्याकडं बोट केलं, हसत हसत. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं, सुरकुत्यांकडं. मग पुन्हा त्यांना काही विचारलं. ते पुन्हा हसून बोलले. तिची ओढ सैल झाली. झगा नीट घडी घालून, दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा तिनं मला दिला. पण नजर माझ्या हातांवरच होती. मी मघाशी पाळणा केला होता त्या हातांवर.

“तिला सांगा,” मी म्हटलं, “दुसऱ्या नातवंडाच्या वेळीही तुझ्याकडंच येईन.”

हर्षदरावांना आता हसू आवरेना. खांदे हलत होते. त्यांनी सांगितलं तरी. काय सांगितलं देव जाणे, त्या बाईनं दोन्ही हात समोर धरले आणि मान जोरात हलवली. ‘या’ म्हटली नाही, दारापर्यंत आली नाही. मला ते लागलं. म्हटलं, गिऱ्हाइकाला असं कुणी वाटेला लावतं का? उर्मट दिसते.

उर्मट! मी तिला उर्मट म्हटलं.

खरवसाच्या दुकानात वैजू पाय लांब करून बसली होती. मी खूश होते. रस्त्यानंच मी ठरवून टाकलं होतं. राहू दे पोरीला इथं. गल्ली चांगली आहे, बायाबापड्या माणसात आहेत, मी येऊन राहीन दोन महिने. संध्याकाळपर्यंत थांबायचं कशाला, आताच सांगते, आणि रिकाम्या हातानं नाही सांगत. मी पिशवीतनं झगा काढला, उलगडला आणि वैजूच्या मांडीवर, तिच्या पोटावरनं पसरला. “बघ गं, तुझ्या लेकराची कुंची.”

हर्षदराव समोर उभे. फोन वर.

वैजूनं कापडाकडं बघितलं. बंदांकडं बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं, पण ती बोलायच्या आत ओवरीखालनं पळत पळत ती बाई आली. तीच, दुकानवाली. पायातली एक सपात वाटेत राहिलेली, दम लागलेला, चष्मा दोरीवर लोंबत. आली ती थेट वैजूवर वाकली आणि तिच्या पोटावरनं तो झगा ओढून काढला. असा, जसा पेटलेल्या माणसाच्या अंगावरचा कपडा ओढतात.

माझा हात वर झाला होता. खोटं का बोलू, मी तिला मारणार होते.

तिनं झगा बगलेत घट्ट धरला, दुसऱ्या हातानं माझा वर गेलेला हात धरून खाली केला आणि माझ्याकडं बघत डोळे मिटले. ताठ उभी राहिली. दोन्ही हात छातीवर एकावर एक ठेवले. श्वास धरला. मग डोळे उघडले आणि झग्याकडं बोट केलं.

ते कळायला भाषा लागत नाही. मी माझ्या मालकांना तसं ठेवलंय, माझ्या हातांनी.

दुकानात सगळ्यांच्या वाट्या थांबल्या. वैजू त्या बाईशी बोलायला लागली. तिला थोडं थोडं येत होतं. शेजारणीकडनं शिकली होती. बोलताना तिचा आवाज बसत गेला.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“आई, ते दुकान... माणूस गेल्यावर घालायच्या कपड्यांचं आहे. जोडे, झगे, सगळं. म्हणून गुंड्या नसतात, गुंडी जिवाला अडकवते म्हणतात. आणि असल्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘परत या’ कुणी म्हणत नाही.”

“मग मला दिलं कशाला तिनं?”

वैजूनं नवऱ्याकडं बघितलं. “ती म्हणते, या माणसानं सांगितलं, झगा सासूसाठी आहे. इथं म्हातारी माणसं स्वतःसाठी आधीच घेऊन ठेवतात, त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. म्हणून तिनं आनंदानं दिला. पण तू हातांनी पाळणा केला होतास, तो तिच्या डोळ्यांपुढनं जाईना. म्हणून दुकान तसंच टाकून बघायला आली. ती म्हणते, पोटातल्या बाळासाठी आहे कळलं असतं तर कुणी जीव घेतला असता तरी दिला नसता.”

मी हर्षदरावांकडं वळले. “तुम्ही पाटी वाचली होती?”

“मामी, अहो...”

“वाचली होती का?”

“वाचली. पण मी सांगणारच होतो! वैजूचं तोंड बघायचं आणि मग सांगायचं, असं होतं. शेवटी खुलासा. लोक हसतात आणि मग... अहो, कापड आहे शेवटी ते. तुम्ही तर असल्या गोष्टी मानत नाही म्हणता.”

“मी मानत नाही,” मी म्हटलं. “मानते ती ही बाई. एका पायात सपात नसताना पळत आली ती.”

“हर्षद,” वैजू म्हणाली, “माझं तोंड बघायचं होतं तुला?”

“अगं, गंमत...”

“माझ्या पोटावर ते पसरताना तू बघत होतास.”

 

मी आधी त्या बाईकडं गेले. बगलेतला झगा मागितला. ती देईना. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझ्यासाठी. पांढरे केस धरून दाखवले. माझ्यासाठी, बाई. तिनं वैजूकडं बघितलं, वैजूनं समजावलं. तेव्हा ती हसली. तिचे समोरचे दात नव्हते. तिनं तिथल्या तिथं, खरवसाच्या टेबलावर, झगा पुन्हा घडी घातला, बंद आत वळवले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. मी तिच्या पायांकडं बघितलं, खाली वाकले आणि तिच्या पायांना हात लावला. ती ओरडून मागं सरली, बहुतेक असलं कुणी तिच्याशी कधी केलं नव्हतं. झगा अजून माझ्या ट्रंकेत आहे. माझी वेळ येईल तेव्हा सुनांना सांगून ठेवलंय, कुणी नाक मुरडायचं नाही.

मग मी वैजूला विचारलं, “तुझं काय? राहतेस की येतेस?”  तिनं राहिलेली वाटी बाजूला सारली आणि सुजलेले पाय चपलेत घातले.

हर्षदरावांचा हात खाली आला होता. फोन अजून चालूच होता, फरशीकडं तोंड करून.

“हर्षदराव, फोन खाली का गेला?” मी म्हटलं. “वर धरा. माझं बोलणं आवडतं ना तुमच्या लोकांना, मग हेही दाखवा. मी आले होते ते गाव परकं आहे म्हणून लेकीला न्यायला. गाव परकं नाही. मघाशी रस्त्यानं येताना मी ठरवलं होतं, पोर इथंच ठेवायची. या बाईला माझं नाव ठाऊक नाही, माझी बोली कळत नाही, तरी माझ्या लेकीच्या पोटावरचं मढ्याचं कापड काढायला ती पायातली सपात टाकून पळत आली. आणि ज्याचं मूल त्या पोटात आहे तो बाप समोर उभा राहून तोंडं टिपत होता. या अख्ख्या गल्लीत मला परका माणूस एकच भेटला, आणि तो मीच हळद लावून घरात घेतलाय. वैजू माझ्याबरोबर येणार. बाळंतपण कऱ्हाडला होणार. तुम्ही यायचं. जावयाचा मान मिळेल, पोळीवर तूप मी स्वतः वाढीन. पण लेकराजवळ येताना दोन्ही हात रिकामे घेऊन यायचं, कारण लेकरू धरायला दोन्ही हात लागतात. आलं का नीट सगळं? की परत म्हणू?”